संघराज्य आणि नेमणुकीचा पैसा



ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान होते, त्यांनी उमेदीची सगळी वर्षे नगरपालिकेच्या कामात घालवली. संयोजकांनी मला ‘केंद्र-राज्य संबंध’ हा विषय दिला तेव्हा मी एक सवलत मागून घेतली. दिल्ली आणि मुंबईबद्दल बोलेन, पण बोलता बोलता नगरपालिकेपर्यंत येईन. त्यांनी ती दिली, म्हणून आज मी उभा आहे.

संघराज्याचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा राज्यपालांपासून सुरू होते. अडवून ठेवलेली विधेयके, पहाटेचे शपथविधी, राष्ट्रपती राजवट. हे महत्त्वाचे नाही असे कोण म्हणेल? पण त्यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून येते आणि ३५६व्या कलमाची धार १९९४च्या बोम्मई निकालाने बरीच बोथट केली आहे. राज्यघटनेचे तिसरे कलम त्याहून कठोर आहे, त्याबद्दल मात्र कमी बोलले जाते. त्या कलमाखाली संसद साध्या बहुमताने कोणत्याही राज्याची सीमा बदलू शकते, राज्य मोडू शकते, नवे करू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत विचारावे लागते, ते ऐकण्याचे बंधन नाही. १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्य आपल्यावर आले ते याच कलमाने, आणि १९६० साली ते मोडले तेही याच कलमाने. अमेरिकेत असे करता येत नाही. तिथे राज्याच्या संमतीशिवाय त्याच्या सीमेला हात लागत नाही. आपल्याकडे संघ अभंग आहे, राज्ये नाहीत.

एवढे सांगून मी हा भाग सोडतो. राज्यपाल काही रोज विधेयक अडवत नाहीत आणि सीमा काही रोज बदलत नाहीत. पैसा मात्र रोज लागतो. घटनेच्या सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत. मुळात केंद्राकडे ९७ विषय, राज्यांकडे ६६ आणि दोघांकडे मिळून ४७. शाळेत आपण हे पाठ केले. पोलीस राज्याचे, शेती राज्याची, आरोग्य राज्याचे. पण ज्या सरकारकडे विषय आहे आणि त्या विषयापुरता स्वतःचा कर नाही, त्याच्याकडे फक्त काम असते, सत्ता नसते. माझे आजचे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे. बाकीचा वेळ ते पटवण्यात जाईल.

हे म्हणणे मला एका जुन्या पुस्तकाने शिकवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ हा कोलंबिया विद्यापीठासाठी लिहिलेला प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये छापला गेला. अर्पणपत्रिका सयाजीराव गायकवाडांच्या नावाने आहे, प्रस्तावना बाबासाहेबांचे गुरू सेलिग्मन यांची. बाबासाहेबांच्या जयंत्या आपण मोठ्या करतो, पण हे पुस्तक वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो. इंग्रजांच्या काळात मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी बदलत गेली, याचा तो हिशेब आहे. वाचायला कोरडा आहे, हे कबूल. पण आज जीएसटीवरून चाललेले भांडण समजून घ्यायचे असेल तर याहून चांगले पुस्तक मला ठाऊक नाही.

१८३३च्या सनदी कायद्याने सगळ्या हिंदुस्थानची तिजोरी कलकत्त्याला एक झाली. मुंबई, मद्रास हे इलाखे कर गोळा करायचे, पण एक नवी जागा निर्माण करायची तरी कलकत्त्याची मंजुरी लागायची. एकत्र कुटुंबातल्या कमावत्या मुलाने पगार वडिलांच्या हाती द्यावा आणि चपला घ्यायला पैसे मागावेत, तसला हा कारभार. परिणाम काय झाला? काटकसर करून प्रांताला काही मिळत नव्हते, कारण वाचलेला पैसा त्याचा नव्हता. जो जास्त ओरडेल, जास्त मागेल, त्याच्या पदरात जास्त पडायचे. खर्च करणाऱ्यावर कर बसवण्याची जबाबदारी नव्हती आणि कर बसवणाऱ्याला खर्चाची गरज दिसत नव्हती. १८५७ नंतर साम्राज्याच्या तिजोरीत तूटच तूट दिसू लागली, तेव्हा दुरुस्तीचा विचार सुरू झाला.

दुरुस्तीचे तीन टप्पे बाबासाहेबांनी दाखवले आहेत. पहिला लॉर्ड मेयोचा. डिसेंबर १८७०मध्ये ठराव झाला आणि पुढच्या वर्षापासून तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते, नोंदणी अशी काही खाती प्रांतांकडे दिली गेली. त्यांच्याबरोबर एक ठरावीक रक्कम. कमी पडले तर स्थानिक कर बसवा. याला मी आज ‘नेमणूक’ म्हणणार आहे, पेशवे सरदारांना नेमून देत तशी. दुसरा टप्पा १८७७चा. नुसत्या रकमेऐवजी अबकारी, मुद्रांक यांसारखी काही उत्पन्ने प्रांतांच्या हवाली झाली. खपून वसूल केले तर वाढावा प्रांताचा. तिसरा १८८२चा. जमीन महसुलासारख्या मोठ्या उत्पन्नांत केंद्र आणि प्रांत दोघांचा वाटा ठरला, आणि दर पाच वर्षांनी करार नवा करायचा.

पाच वर्षांच्या या कराराची गंमत बघा. मुदत संपत आली की प्रांत शिल्लक भराभर खर्च करून टाकत. शिल्लक दिसली तर पुढच्या करारात वाटा कमी होणार ही भीती. मार्चअखेरीस आपल्याकडे रस्त्यावर डांबर पडते त्याचा मूळपुरुष हाच. पुढे हे करार आधी जवळपास कायम आणि १९१२ साली कायम केले गेले. बाबासाहेबांचा निष्कर्ष मात्र ठाम आहे. वाटणीची पद्धत कितीही सुधारली तरी प्रांताला कायद्याने स्वतःचे काहीच नव्हते. दिलेले सगळे वरून दिलेले होते आणि परत घेता येण्यासारखे होते.

बाबासाहेबांना या निष्कर्षाच्या जोरावर कुणी ‘राज्यांच्या बाजूचे’ ठरवू नये. घटना समितीत ते प्रबळ केंद्राचे पुरस्कर्ते होते. ४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना त्यांनी स्पष्ट केले की आपले संघराज्य राज्यांनी आपसात करार करून बनलेले नाही, म्हणून कोणत्याही राज्याला बाहेर पडता येणार नाही. आणि वेळ आली तर ते एककेंद्री होऊ शकेल अशी त्याची रचना आहे. केंद्र प्रबळ असावे आणि प्रांताचे उत्पन्न त्याच्या हक्काचे असावे, या दोन गोष्टी त्यांना एकमेकींच्या विरुद्ध वाटत नव्हत्या. मलाही वाटत नाहीत.

आता ‘मुंबईचा पैसा दिल्लीला जातो’ या तक्रारीकडे येऊ. ही तक्रार शंभर वर्षांची आहे. १९२१च्या सुधारणांत प्राप्तिकर केंद्राकडे गेला आणि मेस्टन समितीच्या निवाड्याने उलट प्रांतांनीच केंद्राला वर्गणी द्यायची ठरली. सगळ्यांची मिळून ९८३ लाख, त्यांत मद्रासची सर्वांत मोठी, ३४८ लाख. मुंबईची ५६ लाख. मुंबईची वर्गणी लहान, पण प्राप्तिकर गेल्याचे दुःख मोठे, कारण तो भरणाऱ्या कंपन्या मुंबईत होत्या. १९३६च्या निमेयर निवाड्यात प्राप्तिकराचा निम्मा भाग प्रांतांचा ठरला आणि त्या निम्म्यातले २० टक्के मुंबईला मिळाले. फाळणीनंतर चिंतामणराव देशमुखांनी १९५०मध्ये निवाडा दिला तेव्हा मुंबईचा हिस्सा २१ टक्के होता. (सहाच वर्षांनी मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या विरोधात याच चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपद सोडले. दोन्ही वेळी हिशेबी माणूस हिशेबीच राहिला असे माझे मत आहे.) पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६साठी महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरवला, उत्तर प्रदेशचा १७.९३९.

२१वरून सहा! हा आकडा सभेत टाळ्या घेतो. पण मला तो वापरताना लाज वाटते. एक तर तेव्हाच्या मुंबई राज्याचा नकाशा वेगळा होता आणि तेव्हा वाटणी मुख्यतः प्राप्तिकराची होती. आज केंद्राच्या जवळपास सगळ्या करांची आहे. दुसरे म्हणजे कर मुंबईत भरला जातो म्हणून तो मुंबईने कमावला असे होत नाही. कंपनीची कचेरी नरिमन पॉइंटला असते, साबण विकत घेणारी बाई गोरखपूरला किंवा गडचिरोलीला असते. आयोगाने ४५ टक्के वजन दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला दिले, म्हणजे गरीब राज्याला जास्त. मला हे न्याय्य वाटते. ज्याला वाटत नाही त्याने विदर्भाच्या माणसाला एकदा विचारावे. १९५३च्या नागपूर कराराने त्याला आश्वासन मिळाले, घटनेत ३७१(२) कलम आले, दांडेकर समितीने १९८४मध्ये अनुशेष मोजून दिला, १९९४मध्ये विकास मंडळे झाली आणि एप्रिल २०२०मध्ये त्यांची मुदत संपली. दिल्लीत आपण मागतो तोच न्याय मुंबईत आपल्याकडून मागितला जातो.

वाटणीच्या सूत्रावर माझी तक्रार नाही. माझी तक्रार वाटणीला न येणाऱ्या पैशावर आहे. घटनेने उपकर आणि अधिभार केंद्राला एकट्याने ठेवण्याची मुभा दिली आहे. २०११-१२मध्ये केंद्राच्या एकूण करांत त्यांचा भाग दहा टक्क्यांच्या आसपास होता, २०२०-२१मध्ये तो वीस टक्क्यांच्या घरात गेला. उदाहरण पेट्रोलचे घ्या. २०२१च्या अर्थसंकल्पानंतर एका लिटरवर केंद्राचा कर ३२ रुपये ९० पैसे होता. त्यातले राज्यांबरोबर वाटून घ्यायचे मूळ उत्पादन शुल्क किती? १ रुपया ४० पैसे. त्याचे ४१ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांना मिळून ५७ पैसे. उरलेले रस्ते उपकर, कृषी उपकर, विशेष अतिरिक्त शुल्क या नावांनी दिल्लीत. वित्त आयोगाने ४१ टक्के म्हटले की राज्यांना ४१ टक्के मिळतात असे समजणाऱ्याने ही पावती बघावी. आणि हो, महाराष्ट्र सरकारनेही त्याच काळात व्हॅटच्या वर लिटरमागे दहा रुपयांहून जास्त रक्कम वेगळी लावली होती. त्यातला एक पैसा या गावच्या नगरपालिकेला आला का, हे इथल्या मुख्याधिकाऱ्यांना विचारा.

स्वतःचा कर हातात असला की राज्य काय करू शकते, याचे सगळ्यांत चांगले उदाहरण महाराष्ट्राचेच आहे आणि ते तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर छापलेले असते. अकरा महिने २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. व्यवसाय कर. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना १९७२च्या दुष्काळात राज्यभर नेली गेली. मागेल त्याला काम. पण मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा दरसाल हमखास हवा, दिल्लीच्या मर्जीवर चालणार नाही. म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवला आणि शहरातल्या नोकरदाराचा पैसा खडी फोडणाऱ्या बाईपर्यंत पोहोचवला. रोजगार हमीचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. त्या वेळी देशात दुसऱ्या कोणत्याही राज्यात कामाचा असा कायदेशीर हक्क नव्हता. पुढे २००५ साली संसदेने सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तो या वाटेनेच. संघराज्याचा फायदा सांगा म्हटले तर मी एवढेच सांगेन की एका राज्याने स्वतःच्या पैशाने चूक-बरोबर करून पाहिले आणि बाकीच्यांना आयता धडा मिळाला.

याचा पुढचा भाग इतका सुखाचा नाही. व्यवसाय कराची कमाल मर्यादा घटनेतच लिहिलेली आहे, २७६व्या कलमात. ती आधी वर्षाला २५० रुपये होती, १९८८मध्ये २,५०० झाली आणि तिथेच थांबली. पंधरा हजार पगाराचा कारकून आणि महिना पाच लाख घेणारा अधिकारी आजही वर्षाला तेवढेच २,५०० भरतात. महाराष्ट्राला ही मर्यादा वाढवायची असेल तर विधानसभेत काही करता येत नाही, संसदेत घटनादुरुस्ती करावी लागेल. आणि रोजगार हमीचे म्हणाल, तर केंद्राच्या योजनेत अकुशल मजुरी पूर्ण केंद्र द्यायचे. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने तो कायदा बदलून नवा आणला, त्यात बहुतेक राज्यांवर ४० टक्के भार टाकला. योजना कशी असावी हे दिल्ली ठरवणार आणि भार राज्य उचलणार, हे मेयोच्या ठरावापेक्षा फार वेगळे नाही.

जीएसटीबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावर भरपूर ऐकलेत. फक्त मतांचे गणित सांगतो. २०१६च्या १०१व्या घटनादुरुस्तीने जी परिषद आली तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे सगळी राज्ये एक झाली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही आणि केंद्र एकटे कोणताही ठराव अडवू शकते. राज्यांनी अडवायचे तर किमान बारा जणांना एकत्र यावे लागते. गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या मताचे वजन सारखे, याबद्दल माझी हरकत नाही. बहुतेक निर्णय एकमताने होतात. पहिले मतदान २०१९च्या डिसेंबरात झाले, तेही लॉटरीवरच्या कराच्या दरासाठी. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहित मिनरल्स खटल्यात सांगितले की परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. कायद्याने ते बरोबरच आहे. व्यवहारात मात्र वेगळा दर लावायला एकही राज्य धजावलेले नाही. राज्यांनी विक्रीकर सोडला, त्याबदल्यात पाच वर्षे १४ टक्के वाढीची हमी घेतली. करोनात ती हमी पाळायला केंद्राकडे पैसे नव्हते, तेव्हा कर्ज काढून ती भागवावी लागली. जून २०२२मध्ये हमी संपली. हक्क कायमचा गेला आणि नेमणूक पाच वर्षांची मिळाली, असा हा सौदा आहे.

आणि आता मी कबूल केल्याप्रमाणे नगरपालिकेत येतो.

राज्यांच्या हातातून विक्रीकर गेला. त्याच दिवशी, १ जुलै २०१७ला, मुंबई महापालिकेची जकात गेली. जकात हा चांगला कर होता असे मी म्हणणार नाही. मुलुंडच्या किंवा दहिसरच्या नाक्यावर रांगेत ट्रक घेऊन थांबलेल्या कुणालाही विचारा. तिथे किती जकात महापालिकेत जायची आणि किती वाटेत, हे सांगायला अभ्यासकाची गरज नव्हती. ती जायलाच हवी होती. नगरपालिकांची आधी गेली, मग बाकी महापालिकांची जाऊन स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बंद पाळले, मग तोही गेला. शेवटी मुंबईची. वर्षाला सात हजार कोटींच्या आसपासचे उत्पन्न. तिच्या जागी काय आले? राज्याच्या कायद्याने ठरवलेली भरपाई, दरसाल आठ टक्के वाढीची. राज्य सरकार देईल, महापालिका घेईल. शहरात व्यापार वाढला म्हणून ती वाढत नाही, घटला म्हणून कमी होत नाही. १८७१च्या मेयोच्या नेमणुकीत आणि हिच्यात मला काही फरक करता येत नाही.

राज्य तक्रार करते की दिल्लीने परस्पर दर कमी केले आणि आमचे उत्पन्न बुडाले. बरोबर आहे. पण मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याची घोषणा जानेवारी २०२२मध्ये कुणी केली? मुख्यमंत्र्यांनी. कर महापालिकेचा, माफीचे श्रेय मंत्रालयाचे. राज्य तक्रार करते की राज्यपाल दिल्लीहून पाठवलेला असतो. मुंबईचा आयुक्त १८८८च्या कायद्यापासून आजपर्यंत वरूनच येतो आणि महापौरापेक्षा त्याची सही जास्त चालते. राज्य तक्रार करते की निवडून आलेले सरकार बरखास्त होते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासक. मुंबईच नव्हे, राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि नगरपालिकांची हीच कथा. घटनेत राष्ट्रपती राजवटीला तीन वर्षांची कमाल मर्यादा आहे, तीही अपवादात्मक परिस्थितीत. महापालिकेवरच्या प्रशासकाला चार वर्षे कुणी अडवले नाही.

७४वी घटनादुरुस्ती आहे की, असे कुणी म्हणेल. १ जून १९९३पासून ती लागू आहे आणि बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांसाठी १८ विषय लिहिलेले आहेत. पण सातव्या परिशिष्टातला विषय राज्याचा हक्क असतो. बाराव्या परिशिष्टातला विषय नगरपालिकेला द्यायचा की नाही हे घटनेने राज्याच्या मर्जीवर सोडले आहे. करांची तर यादीसुद्धा दिलेली नाही. पैशाची वाटणी ठरवायला दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायचा आहे. राज्ये हे किती गांभीर्याने घेतात? पंधराव्या वित्त आयोगाला अट घालावी लागली की ज्या राज्याने मार्च २०२४पर्यंत आयोग नेमून त्याच्या शिफारशींवर काय केले ते विधिमंडळासमोर ठेवले नसेल, त्याच्या स्थानिक संस्थांना पुढचे अनुदान देऊ नये. राज्याने घटना पाळावी म्हणून दिल्लीला त्याच्या नगरपालिकांचा पैसा रोखण्याची धमकी द्यावी लागते, यात सगळ्यांचीच शोभा आहे.

दिल्लीने राज्यांकडून बरेच काढून घेतले आहे, हे माझे मत आहे. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण आणि वने राज्य यादीतून समवर्ती यादीत नेली, ती परत आली नाहीत. उपकर वाटणीत आले पाहिजेत, व्यवसाय कराची मर्यादा उठली पाहिजे. पण हे मागणारा महाराष्ट्र स्वतः एकोणतीस महापालिकांचा मालक झाल्यासारखा वागत असेल, तर त्याच्या मागणीला दिल्लीत वजन येत नाही आणि येऊही नये.

तेव्हा तुम्हाला एक विनंती आहे. पुढच्या वेळी आमदार मत मागायला येतील. ते दिल्लीने महाराष्ट्रावर केलेल्या अन्यायाबद्दल बोलतील, तेव्हा ऐकून घ्या, कारण त्यातले पुष्कळ खरे असेल. मग त्यांना दोन प्रश्न विचारा. राज्य वित्त आयोगाचा शेवटचा अहवाल सभागृहात कधी ठेवला? आणि आमच्या नगरपालिकेला तिचा स्वतःचा, परत न घेता येणारा कोणता कर देणार? दोन्हींची उत्तरे मिळेपर्यंत त्यांना सोडू नका.